जुना दिवा, की जुन्या बाजाचा?

मंडळी, एक शब्द अडलाय, या धाग्यावर सुचवा. ‘व्हिंटेज लॅम्प’ला मराठीत काय म्हणावं? घरातल्या दिव्यांच्या निवडीवरची एक छोटी पुस्तिका मराठीत आणतोय आणि पहिल्याच पानावर गाडी रुतली आहे. ‘जुना दिवा’ लिहिलं तर तो भंगारात काढायचा राहून गेलेला वाटतो. ‘जुनाट’ म्हटलं की पुढे आपोआप ‘खोकला’ येतो. ‘पुरातन’ लिहावं तर उत्खननात सापडल्यासारखा, आणि ‘प्राचीन’ला काचेच्या पेटीतच ठेवावं लागेल. कुणीतरी ‘अभिजात’ सुचवला, पण तो शब्द गुणाविषयी बोलतो, वयाविषयी नाही. ‘व्हिंटेज’ तसाच ठेवायला माझी ना नाही. पण मग पाठोपाठ ‘अँटिक’ आणि ‘रेट्रो’ही येतात, आणि तिघांतला फरक वाचणाऱ्याला कळेलच असं नाही. खरं सांगायचं तर मलाही तो नीट सांगता येत नाही. नुकताच एक टेबललॅम्प घेतला, चिठ्ठीवर ‘व्हिंटेज ब्रास’ असं ठसठशीत छापलेलं होतं. त्यावरूनच हे डोक्यात घोळायला लागलं.

*

व्हिंटेजचा दिव्याशी मुळात संबंधच नाही, तो द्राक्षमळ्यातला शब्द आहे. लॅटिनमध्ये ‘विंदेमिया’ म्हणजे द्राक्षांची तोडणी. तिथून तो फ्रेंचमध्ये आणि मग इंग्रजीत गेला, वाइन कोणत्या सालच्या द्राक्षांची हे सांगण्यासाठी वापरात आला. म्हणजे मूळ अर्थ ‘जुनं’ नव्हे, ‘अमुक सालचं’ असा. मोटारींच्या बाबतीत हा सालाचा हिशोब अजून थोडाफार पाळतात. ब्रिटनमध्ये व्हिंटेज मोटार म्हणजे साधारण १९१९ ते १९३० या काळात बनलेली. दिव्यांना असं कुंपण कुणी घातलेलं नाही. अँटिकला निदान शंभर वर्षांचा संकेत आहे, अमेरिकेच्या आयातकराच्या नियमांतही तोच आकडा आहे. रेट्रो म्हणजे बनलेलं आज, दिसणारं कालच्यासारखं. व्हिंटेज या दोघांच्या मध्ये लोंबकळतं, आणि विकणाऱ्याच्या ते पथ्यावर पडतं.

म्हणून मराठीत एक प्रतिशब्द शोधूच नका, असं माझं मत. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना दोन शब्द द्या. जो खरोखर तेव्हा बनला तो ‘त्या काळचा दिवा’. जो आज बनला पण तसा दिसतो तो ‘जुन्या बाजाचा दिवा’. बाज, धाटणी, वळण, घाट, घडण, इतके शब्द आपल्या हाताशी आहेत आणि सगळे एकाच अर्थाचे नाहीत. वळण अक्षराला असतं किंवा पोराला लावायचं असतं. घाट भांड्याला असतो, वस्तूची बाह्यरेषा. घडण म्हणजे ती कशी आणि कोणाच्या हातून बनली ते. त्यामुळे ‘जुन्या घाटाचा, नव्या घडणीचा’ असं लिहिलंत तर चार शब्दांत सगळं सांगून होतं. इंग्रजीला एवढ्यासाठी आख्खं वाक्य लागेल.

*

वरच्या विभागणीत एक खाचखळगा आहे. जॉर्ज कारवर्डिन या इंग्रज अभियंत्याने १९३२ साली स्प्रिंगांवर तोललेला दिवा काढला. तो मोटारींच्या सस्पेन्शनवर काम करणारा माणूस. अँग्लपॉइज या नावाने तो दिवा १९३५च्या सुमारास टेबलांवर आला, आणि जवळपास त्याच रूपात तो आजही बनतो. आता गेल्या महिन्यात कारखान्यातून बाहेर पडलेला हा दिवा तुमच्या हिशोबाने कुठे बसवायचा? त्या काळचा नाही. ‘जुन्या बाजाचा’ म्हणणं अन्याय आहे, कारण ती नक्कल नव्हे, मूळच आहे. बाउहाउस या जर्मन कलाशाळेतल्या व्हिल्हेल्म वागेनफेल्डच्या १९२४च्या काचेच्या घुमटीवाल्या दिव्याचंही तेच.

(जाता जाता, अँग्लपॉइजला मराठी शब्द काय? आमच्या घरात त्याला ‘मानमोड्या’ म्हणतात. शब्दकोशात घालायचा आग्रह नाही.)

*

‘मानमोड्या’ घ्याच. आणि तुमच्या प्रश्नाला उत्तर: ‘जुन्याच आराखड्याचा’. त्यातला ‘च’ सगळं काम करतो.

याच्या बरोबर उलट गंमत टिफनीची. लुई कम्फर्ट टिफनीच्या न्यूयॉर्कमधल्या कार्यशाळेत रंगीत काचेच्या तुकड्यांच्या कडांना तांब्याची पातळ पट्टी गुंडाळून, ते डाग देऊन एकमेकांना जोडून दिव्यांच्या छत्र्या बनत. ती कार्यशाळा १९३०च्या दशकात बंद झाली, नाव मात्र सामान्यनाम होऊन बसलं. आता प्लास्टिकच्या तुकड्यांची छत्रीसुद्धा ‘टिफनी’ असते. ‘टिफनीचा’ आणि ‘टिफनी’ यांत फक्त एका विभक्तिप्रत्ययाचा फरक आहे, किमतीत मात्र घर विकत घेण्याएवढा असू शकतो. पुस्तिकेत तो ‘चा’ जपून वापरा.

*

शब्दांचं चालू द्या, पण हा धागा सुरू करणाऱ्यांना एक विचारतो. त्या ‘व्हिंटेज ब्रास’ला लोहचुंबक लावून पाहिलात का? पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा. तेवढ्यावर खात्री मानू नका, कारण जस्त किंवा अॅल्युमिनियमवर मुलामा असेल तरीही चुंबक चिकटणार नाही. मग वजन बघायचं. ओतीव पितळ हातात घेतल्यावर मनगट खाली जातं. आणि दिवा उलटा करून बुडाची आतली बाजू बघायची, कारण मुलामा देणारा तिथवर फारसा जात नाही.

*

चिकटला.

अगदी टक् करून चिकटला. बुडाखालचं हिरवं मखमली कापड जरा उचकटलं तर आत राखाडी पत्रा. ‘पितळ उघडं पडणं’ हा वाक्प्रचार इतकी वर्षं वापरला, स्वतःच्या टेबलावर अनुभवला आज. फक्त इथे पितळ उघडं पडलं असतं तर बरं झालं असतं!

*

हा वाक्प्रचार तुमच्याकडे उलटा झाला खरा. मुळात सोन्याचं पाणी उडून खालचं पितळ दिसतं, म्हणजे पितळ तिथे खोटं. दिव्यांच्या जगात पितळ हेच सोनं आहे. ‘मुलामा’ हा अरबीतून आलेला शब्द, आणि मला तो ‘पाणी दिलेलं’ यापेक्षा प्रामाणिक वाटतो. पुस्तिकेत ‘पितळी’ आणि ‘पितळेचा’ यांतला फरक पाळता आला तर पाळा. ‘पितळी रंग’ चालतं, ‘पितळेचा रंग’ म्हटलं की धातूच डोळ्यांपुढे येतो.

आणि जुन्या पितळेवर जी तपकिरी-काळसर झाक चढते तिला ‘गंज’ लिहू नका. गंज लोखंडाला. पितळ काळवंडतं, ओल लागून हिरवं पडलं तर त्या हिरव्या थराला जंगाल म्हणतात. काळवंडलेलं पितळ घासून लख्ख करू नये, असं जुन्या वस्तू गोळा करणारे सांगतात, कारण ती झाक हाच वयाचा दाखला. माझ्या आईने त्यांचं एक अक्षर ऐकलं नसतं.

*

दिव्याच्या अंगांची नावं कुणी घेतलीच नाहीत. कंदिलाच्या काचेला ‘चिमणी’ म्हणतात, बिनकाचेच्या छोट्या रॉकेलच्या दिव्यालाही ‘चिमणी’ म्हणतात, छपरावरच्या धुराड्यालाही, आणि दाणे टिपणारी वेगळीच. पहिल्या तिन्ही इंग्रजी चिमणीच्या वंशातल्या, ती स्वतः ग्रीकमधल्या भट्टीपासून निघालेली. काचेची चिमणी ही नुसती वाऱ्याला आडकाठी नसते. एमे आर्गां या स्विस माणसाने १७८०च्या दशकात नळीसारखी पोकळ वात आणि तिच्याभोवती उंच काच अशी जोडी केली. गरम हवा काचेतून वर जाते, खालून ताजी हवा ओढली जाते, ज्योत धूर न करता जोरात जळते. म्हणून जुना कंदील घेताना काच मूळ उंचीची आहे ना हे बघायचं. आखूड काच बसवली की काजळी धरते.

‘कंदील’ अरबीतून आला, अरबीत तो लॅटिन ‘कँडेला’पासून. त्याच कँडेलाची इंग्रजी मेणबत्ती (कँडल), फ्रेंच वळणाचं झुंबर (शँडेलिअर), आणि प्रकाशाची तीव्रता मोजायचं आजचं एककही. ‘रॉकेल’ म्हणजे रॉक ऑइल, ‘घासलेट’ म्हणजे गॅसलाइट. नळातून येणाऱ्या वायूच्या दिव्याचं नाव बाटलीतल्या तेलाला चिकटलं. ‘गॅसबत्ती’चंही तसंच: टाकीत रॉकेल, नाव गॅसचं. अर्थात मेंटलपाशी, म्हणजे आतल्या उजळणाऱ्या जाळीच्या पिशवीपाशी, पोचेपर्यंत त्या रॉकेलचा वायू झालेला असतो, तेव्हा नाव अगदीच चूक नाही. जुन्या मेंटलमध्ये मात्र थोरियम असायचं, ते किरणोत्सारी असतं. खोक्यात जुनं मेंटल सापडलं तर हाताने चुरगाळू नका, पेटवूनही बघू नका.

*

‘वात’ राहिली की. दिव्याची वात संस्कृत ‘वर्ति’पासून, बत्तीही तिचीच बहीण. आणि दुसरा ‘वात’ म्हणजे वारा. एक जळते, दुसरा विझवतो. लिंगानेच काय ते ओळखायचं.

*

कामाचं सांगतो, मी वायरिंगवाला आहे. त्या काळचा विजेचा दिवा घेतलात तर घाट, घडण सगळं कौतुकाने बघा, पण आतली वायर जुनी ठेवू नका. कापडाने मढवलेली वायर दिसते छान, आत रबर असतं, ते वर्षानुवर्षांच्या उष्णतेने बिस्किटासारखं झालेलं असतं. वाकवली की तुकडे पडतात आणि उघडी तार धातूच्या अंगाला टेकते. हवं तर बाहेरून कापडाचीच नवी वायर मिळते, ती घ्या. धातूचा दिवा असेल तर अर्थिंगची तिसरी तार जोडून घ्या.

होल्डरचं नीट विचारा. आट्यांचा असेल तर बहुधा २७ किंवा १४ मिलिमीटरचा, दोन पिनांचा असेल तर २२चा. अमेरिकेतला मोठ्या आट्यांचा २६चा असतो आणि तिथला बल्ब १२० व्होल्टचा. तिकडचा जुना बल्ब २३० व्होल्टवर लावला तर क्षणभर डोळे दिपतील आणि बल्ब उडेल. रॉकेलच्या दिव्याला वीज जोडायची तर बुडाला भोक पाडू नका. बर्नरच्या जागी बसणारा होल्डर मिळतो, म्हणजे दिवा पुन्हा मूळ रूपात आणता येतो. भोक बुजवता येत नाही.

*

यात मला एक शब्द दिसला: ‘बल्ब उडाला’. बल्ब जातो, उडतो, पण विझत नाही. दिवा विझतो किंवा मालवतो. माझी आजी ट्यूबसुद्धा ‘मालव’ म्हणायची, आम्ही हसायचो. आता वाटतं, बटण दाबून होणाऱ्या कृतीला तिने बरा शब्द दिला होता. ‘बंद कर’मध्ये दिवा आणि नळ सारखेच. आणि ‘लाईट गेली’ की ‘लाईट गेला’, यावर इथे युद्ध नको. वीज गेली तर ‘गेली’, एकच दिवा गेला तर ‘गेला’.

*

माझा मुद्दा वेगळा आहे. तुम्ही सगळे दिव्याविषयी बोलताय, उजेडाविषयी कुणीच नाही. खोलीत राहायचं ते उजेडात. खोक्यावर ‘वॉर्म’ आणि ‘कूल’ लिहितात, त्याचं ‘उबदार’ आणि ‘थंड’ असं भाषांतर करू नका हो. त्यातून आकड्याचा घोळ होतो. उजेडाचा रंग केल्विन या तापमानाच्या एककात मोजतात: २७०० केल्विन ‘उबदार’ आणि ६५०० ‘थंड’, म्हणजे तापमान जास्त तो थंड! मराठीत साधं ‘पिवळसर’ आणि ‘पांढरा’ म्हणा. मेणबत्ती साधारण १९००ची, जुना तारेचा बल्ब २७००च्या आसपासचा. जुन्या घाटाच्या दिव्यात ६५००चा बल्ब घातला की पितळ मेल्यासारखं दिसतं.

आणि किती उजेड, यासाठी आपल्याकडे केवढे शब्द आहेत. मिणमिणता, मंद, अंधूक, लख्ख, झगझगीत, भक्क. वॅट हा उजेडच नव्हे, तो विजेचा खप. जुना ६० वॅटचा बल्ब साधारण ८०० ल्यूमेन (हे उजेडाचं माप) द्यायचा, एलईडीला त्यासाठी आठ-नऊ वॅट पुरतात. पण एवढा उजेड पारदर्शक काचेच्या, तार दिसणाऱ्या बल्बातून आला तर तो डोळ्यांत घुसतो. ते बल्ब बघायला छान, वाचायला वाईट. जाळीच्या पितळी दिव्याला मात्र असाच बिनदुधी बल्ब लागतो. दुधी काचेचा घातला तर भिंतीवर नुसता धूसर डाग पडतो, पारदर्शक घातला तर कवडसे. कवडसा हा शब्द उन्हाचा आहे, माहीत आहे, पण त्या भिंतीकडे बघून दुसरा सुचला नाही.

*

कवडसे मंजूर. आता शेवटची शंका: फ्लोअर लॅम्पला ‘ठाणवई’ लिहू का? उंच, एका जागी उभी, डोक्यावर दिवा. सगळं जुळतं.

*

जुळतं, पण ठाणवईत तेल-वात अपेक्षित आहे. वाचणारा बटण शोधणार नाही, वात शोधेल. ‘उभा दिवा’ लिहा.

*

ठीक. माझ्या टेबललॅम्पची चिठ्ठी सराव म्हणून पुन्हा लिहिली: ‘जुन्या घाटाचा, नव्या घडणीचा मेजदिवा. अंग लोखंडी पत्र्याचं, वर पितळी मुलामा. होल्डर आट्यांचा, २७चा. पिवळसर, मंद उजेडासाठी.’

*

बाकी सगळं उत्तम. ‘मेजदिवा’ काढा, टेबललॅम्पच ठेवा.