विंडोज ११ वर डॉसवाला प्रिन्स चालेल का?

देवगडवाला: गणपतीला भाचेकंपनी मुंबईहून येतेय, त्यांना आपला प्रिन्स ऑफ पर्शिया गेम दाखवायचाय, १९९० चा, डॉस या विंडोजआधीच्या जुन्या सिस्टिमवरचा. नवीन लॅपटॉपवर डबल क्लिक केलं तर चालणार नाही एवढंच येतं, कम्पॅटिबिलिटी मोड लावला तरी ढिम्म. काय करू?

खाडीकाठ: त्याने काही होणार नाही रे, गेम १६ बिटचा आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं, त्यात १६ बिटचं चालतच नाही. डॉसबॉक्स टाक, विंडोजमध्येच जुना डॉस कॉम्प्युटर उभा करणारा प्रोग्रॅम, फुकट आहे, त्यात गेमचा फोल्डर माउंट कर, म्हणजे ड्राइव्ह म्हणून जोड, नि चालव. स्पीड कमी करायला कंट्रोल+एफ११ दाब, वाढवायला कंट्रोल+एफ१२.

मालवणी_गडी: सीडीवरच्या गेमांची भानगड वेगळी हां. सेफडिस्क, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप, असेल तर ओरिजिनल सीडीपण चालत नाही, त्याचा ड्रायव्हर विंडोज १० पासून काढूनच टाकलाय, त्यापेक्षा जीओजी या गेम विकणाऱ्या साइटवर विकत मिळतोय का बघ. बाकी सीड्या असतील त्या आत्ताच कॉपी करून ठेव मेल्या, आपल्याकडच्या पावसात बुरशी चढते त्यांना.

देवगडवाला: चालला!! आवाजपण येतोय. फुल स्क्रीन कसं करतात?

खाडीकाठ: ऑल्ट एंटर.