मेगालेनिया, गोआना आणि आपली घोरपड : तुम्ही काय पाहिलंत?

ब्रिस्बेनला नऊ वर्षं झाली. इथे गावाकडच्या पबमध्ये बसलं की एकजण तरी सांगतोच, रात्री रस्त्यात ओंडका आडवा दिसला म्हणून गाडी थांबवली तर ओंडका उठून चालायला लागला. म्हणजे मेगालेनिया! १८५९ साली रिचर्ड ओवेनने थोड्याशा मणक्यांवरून नाव दिलेली महाकाय घोरपड. अख्खा सांगाडा आजवर कुणाला मिळालेला नाही, त्यामुळे कुणी साडेचार मीटर म्हणतं कुणी सात. हजारो वर्षांपूर्वी संपली, पण "आहे हो अजून डोंगरात" म्हणणारे काही संपत नाहीत. तुमचे किस्से येऊ द्या. थापा चालतील, फक्त आधी सांगून मारा.

गवतीचहा: फ्रेझर आयलंडला कॅम्पिंगला गेलेलो, मी सॉसेज भाजत होते आणि नवरा एकदम ओरडला "मगर मगर", बघते तर गोआना, म्हणजे इथली घोरपड, लेस मॉनिटर जातीची, आरामात टेबलाखाली येऊन सॉसेजचं पाकीट ओढून घेऊन गेला. नवरा अजून सगळ्यांना आठ फूट सांगतो. फोटोत शेजारी आमचा आईसबॉक्स आहे, त्याच्यावरून मोजलं तर जेमतेम पाच भरतो. फोटो मी जपून ठेवलाय.

अर्धाकप: मेलबर्न म्युझियममध्ये मेगालेनियाचा अंदाजाने बनवून उभा केलेला सांगाडा आहे. मुलगा खाली उभं राहून म्हणाला, "बाबा, हिला दोर बांधला तर किती मावळे चढतील?" आजीने यशवंतीची गोष्ट सांगितल्याचा परिणाम. मी म्हटलं, अरे ही मावळे खाईल.

दगडधोंडे: रॉकहॅम्प्टनजवळच्या कॅप्रिकॉर्न केव्ह्ज बघितल्यात. तिथे जमिनीत दोनेक मीटर खाली एका मोठ्या सरड्याच्या कातडीतलं हाड सापडलं, २०१५ मध्ये बातमी आली होती. जेमतेम एक सेंटीमीटरचं, वय सुमारे ५०,००० वर्षं. मेगालेनियाचं की कोमोडो ड्रॅगनचं (इंडोनेशियाच्या बेटांवरची आजची मोठी घोरपड) हेही ठरत नाही. आता मला सांगा, एवढुशा हाडाची बातमी होते तर जिवंत सात मीटरची गाडीखाली येऊन एकदा तरी मेली नसती का? कोमोडो १९१२ पर्यंत कुठे माहीत होता, असं लोक म्हणतात, पण शास्त्रज्ञांना नव्हता, बेटावरच्या लोकांना होताच की!

माडाचीवाडी: आमच्या देवगडच्या घरी विहिरीत घोरपड पडलेली, मी सहावीत. काकांनी झावळी सोडली, ती सरसर वर आली आणि कुंपणातून पसार. तेव्हा काका स्वतःच म्हणालेले, दोन हात असेल. दरवर्षी गणपतीत तो किस्सा निघतो. मागच्या वर्षी ती माणसाएवढी झाली होती, आणि यंदा तिने काकांकडे वळून बघितलं.

धागाकर्ता: काकांना इकडे पाठवा, पबमध्ये खुर्ची राखून ठेवतो.