गणिताच्या तासाला गोष्टीचे पुस्तक: सहावी ते आठवीसाठी काय निवडावे?

प्रश्न (गणित शिक्षिका, सोलापूर):
सर्वांना नमस्कार. माझ्या वर्गातील बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते. आकडेमोड त्यांना जमते, पण शाब्दिक उदाहरण आले की ती अडखळतात. म्हणून नावाजलेल्या बालसाहित्याचा आधार घ्यावा असे मनात आहे. मात्र गोष्टीतल्या राजाला आंबे मोजायला लावण्यापुरताच उपयोग होणार असेल, तर पुस्तक हवेच कशाला? कथानकातच गणित असलेली पुस्तके सुचवावीत.

उत्तर १ (माध्यमिक शिक्षक, बार्शी):
मॅडम, जोनाथन स्विफ्ट यांचे 1726 सालचे ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ घ्यावे. लिलिपुटमधील माणसांपेक्षा गलिव्हर बारापट उंच आहे, म्हणून तेथील गणिती त्याला 1728 माणसांचे अन्न ठरवून देतात, म्हणजेच 12 चा घन. त्याची गादी शिवताना मात्र लांबी-रुंदीसाठी दीडशे गाद्या जोडतात (हिशेबाने 144 पुरतात) आणि थर चारच देतात. जाडीही बारापट हवी होती, हे कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि गलिव्हरला खालची फरशी टोचत राहते. हे का घडले, एवढा एकच प्रश्न आठवीच्या वर्गाला घनफळासाठी पुरतो. क्षेत्रफळासाठी घरातील 60 इंच रुंद आणि 90 इंच लांब सोलापुरी चादर अंथरावी व तिच्यावर 5 बाय 7.5 इंचांचे कागद मांडायला लावावेत. बरोबर 144 बसतात. मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्यांतून नेमके हे आकडेच गाळलेले असतात, त्यामुळे मूळ परिच्छेद आपणच सोप्या मराठीत उतरवून द्यावा.

उत्तर २ (निवृत्त मुख्याध्यापिका, सोलापूर):
सरांची सूचना उत्तम आहे, पण जी मुले दोन ओळींच्या उदाहरणाला अडखळतात त्यांच्या हाती थेट परिच्छेद देऊ नये. गोष्ट आधी तोंडी सांगावी, आकडे फळ्यावर मुलांकडूनच लिहून घ्यावेत आणि वाचन शेवटी ठेवावे. सातवीसाठी ज्यूल व्हर्न यांची ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणेची कादंबरी पाहावी. त्यातील फिलिअस फॉग पूर्वेकडे प्रवास करतो; दर रेखांशाला 4 मिनिटे याप्रमाणे 360 अंशांची 1440 मिनिटे होतात, आणि हरल्यासारखी वाटणारी पैज त्या एका दिवसामुळे तो जिंकतो. हेच प्रमाण गावाला लावावे. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची आहे व सोलापूर सुमारे 76 अंशांवर आहे, म्हणून आपल्याकडे सूर्य डोक्यावर येण्यास सरासरीने 26 मिनिटे उशीर होतो. मैदानात काठी रोवून सर्वांत आखूड सावलीची वेळ मुलांना टिपू द्यावी; ऋतूनुसार त्यात काही मिनिटांचा फरक पडतो, हे मात्र आधी सांगून ठेवावे.

प्रश्नकर्ती:
दोघांचे आभार. आठवीला चादरीपासून सुरुवात करते. एक शंका आहे: माझ्याकडील इंग्रजी प्रतीत 1728 ऐवजी 1724 छापले आहे.

उत्तर १:
दोन्ही आकड्यांच्या आवृत्त्या आढळतात. तीच प्रत वर्गात न्यावी आणि 1724 चे घनमूळ काढायला सांगावे.