बागेतल्या रोजच्या फेरीत टिपलेले किडे, पक्षी, रानफुलं - तुमचेही अनुभव सांगा

फोनची मेमरी भरली म्हणून जुने फोटो उडवायला बसले आणि एकही उडवला नाही. लिंबाच्या पानावर पक्ष्याची शिट पडल्यासारखं दिसत होतं, ती निघाली फुलपाखराची अळी! पुढे हिरवीगार झाली, काडी लावली की डोक्यामागून केशरी शिंगं बाहेर काढायची, वास तर असा उग्र! तेव्हापासून फोन हातातच. तुम्ही काय काय टिपता?

---

माझी मुंगी. फोटो मोठा करून पाहिला तर पाय आठ! मुंगीचं सोंग घेतलेला कोळी होता, पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून चालत होता. नुसत्या डोळ्यांना कध्धी कळलं नसतं, म्हणून मी घरी आल्यावर प्रत्येक फोटो झूम करून बघतेच.

---

सकाळी लवकर जा, किडे गारठलेले असतात, ऊन लागेपर्यंत हलत नाहीत. फोन अगदी जवळ नेला की फोकस बसत नाही, जरा मागे या आणि झूम करा. आणि आपली सावली पडू देऊ नका, सावली आली की उडालंच.

---

केनाची निळी फुलं पण सकाळीच, दुपारी मिटलेली असतात. आमच्याकडे गवत कापतात त्यात केना, एकदांडी सगळं जातं, फार जीव तुटतो. एक कोपरा तरी ठेवा म्हणून मागे लागलेय.

---

+१ ताई, एकदांडीवर केवढी छोटी छोटी फुलपाखरं येतात! सोडू नका तो कोपरा.

---

चतुर आणि टाचणी हे उडणारे किडे कसे ओळखायचे कोणी सांगेल का

---

बसल्यावर पंख पसरलेले तर चतुर, पाठीवर मिटलेले तर बहुतेक टाचणी. टाचणी अंगानेही बारीक.

---

शिंजीर पक्षी एक क्षण स्थिर बसेल तर शप्पथ. पण त्याची फांदी ठरलेली असते, मी आधीच फांदीवर फोकस लावून उभी राहते, तो आपणहून येतो. शिंपी पक्ष्याचा मात्र आवाज एवढा मोठा आणि पानांत कुठे लपतो देव जाणे.

---

घाणेरी नीट बघा कोणीतरी!! ताजी फुलं पिवळी, परागण झालं की गुलाबी होतात, फुलपाखरं पिवळ्यावरच जास्त बसतात. एकाच गुच्छाचे रोज फोटो काढले तर रंग सरकताना दिसतो, मला तर वेड लागलंय त्याचं.

---

मला भराभर चालायला सांगितलंय, हे सगळं कसं जमवता?

---

काका, पहिली फेरी भराभर, फोन खिशात. दुसरी फोटोंची. गुडघा कसा आहे आता?

---

बराच बरा. उद्यापासून दोन फेऱ्या. त्या अळीचा फोटो टाका ना, आमच्या कढीपत्त्यावर तसंच काहीतरी बसलंय.