रूट कॅनाल झालं, कॅप बसवली, तरी चावताना दाढ दुखतेय. असं होतं का?

माहुलीची_माई:
नमस्कार, जरा मोठं लिहितेय पण वाचा. माझ्या वरच्या डाव्या मोठ्या दाढेचं रूट कॅनाल झालं दिवाळीनंतर, दोन सिटिंगमध्ये, आणि पंधरा दिवसांनी झिरकोनियाची (दातासारखी पांढरी, खूप कडक असते ती) कॅप बसवली. रूट कॅनालनंतर चारपाच दिवस ठणका होता तो गेला, मला वाटलं सुटले एकदाची. पण कॅप बसल्यापासून, आज 19 दिवस झाले, त्या बाजूने भाकरीचा तुकडा जरी चावला तरी अशी कळ येते की हातातला घास खाली ठेवावा लागतो. गरम चहा, गार पाणी याने काही होत नाही, सूज नाही, रात्री आपोआप दुखत नाही. फक्त ती दाढ लांब झाल्यासारखी वाटते, तोंड मिटलं की आधी तीच टेकते. डॉक्टरांना दोनदा फोन केला, ते म्हणाले होईल हळूहळू कमी, आणि अँटिबायोटिक नि पेनकिलर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिल्या. गोळीचा असर असेपर्यंत बरं, मग परत तेच. नस तर काढून टाकली ना, मग आता दुखतंय काय? आणि कॅप काढावी लागणार का, साडेसहा हजार गेलेत तिचे, घरी सांगायची पण चोरी झालीय.

निफाडकर:
ताई घाबरू नका, माझ्या मिसेसचं पण असंच झालेलं, महिना दीड महिन्यात आपोआप गेलं. त्या बाजूने खाऊ नका तोवर.

दात_बघणारी:
माई, मी डेंटिस्ट आहे. तोंडात बघितल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, पण "तोंड मिटलं की आधी तीच टेकते" हे तुम्ही लिहिलंय ना, त्यावरून मला सगळ्यात आधी कॅप उंच असल्याचीच शंका येते. निफाडकर दादा, रूट कॅनालनंतरचा ठणका आठवडाभरात उतरतो, तिथे थांबणं बरोबर. पण उंच कॅप वाट बघून खाली बसेल म्हणून थांबायचं नसतं.

नसेचं विचारलंत. काढली ती दाढेच्या आतली नस. दाढ हाडात खिळ्यासारखी ठोकलेली नसते, मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंची पातळ गादी असते, जेमतेम पाव मिलिमीटरची, आणि तिला स्वतःच्या नसा असतात. त्या रूट कॅनालमध्ये जात नाहीत. कॅप केसाएवढी जरी वर राहिली तरी प्रत्येक घासाला, प्रत्येक आवंढ्याला ती गादी चेपली जाते आणि सुजते, आणि मग दाढ लांब झाल्यासारखी वाटते ती त्यामुळेच.

तेव्हा फोन नको, जाऊन खुर्चीत बसा आणि स्पष्ट सांगा की बाईट चेक करा, म्हणजे चावताना वरचे-खालचे दात कसे टेकतात ते. निळा कागद चावायला देतात, जिथे उंच तिथे गडद डाग उमटतो. खुर्ची सरळ करायला लावा, कारण आडवं पडून चावलं की जबडा मागे जातो आणि डाग वेगळाच येतो. नुसतं टकटक नाही, डावीउजवीकडे घासून पण बघायला सांगा. डाग आला तेवढी कॅप डॉक्टरांनी मशीनने घासली की पॉलिश करून घ्या, खरखरीत झिरकोनिया समोरच्या दाढेचं एनॅमल खाते. यासाठी सहसा कॅप काढायची गरज पडत नाही, दहापंधरा मिनिटांचं काम आहे. आणि सूज नाही ताप नाही तर अँटिबायोटिकने चावतानाची कळ जात नाही, हे आपल्याकडे सर्रास दिलं जातं त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

लातूर_ते_ठाणे:
डॉक्टर ताईंनी सांगितलंय ते आधी कराच, पण एवढ्यावर नाही थांबलं तर गप्प बसू नका, मी दोन वर्षं गप्प बसलो. माझी पण वरचीच पहिली मोठी दाढ, रूट कॅनाल होऊन कॅप बसलेली, तरी गरम काही प्यायलं की पाच मिनिटांनी ठणका सुरू. साध्या एक्स-रेत काही दिसलं नाही. शेवटी सीबीसीटी स्कॅन (दाढेचा थ्रीडी एक्स-रे) केला तर मुळाच्या टोकाला मसुराच्या डाळीएवढा काळा डाग, म्हणजे इन्फेक्शनची खूण, आणि एक कॅनाल, म्हणजे मुळातली नसेची नळी, भरायचाच राहिलेला. मग रूट कॅनालच्या स्पेशालिस्टकडे, एमडीएस एंडो म्हणतात ते, मायक्रोस्कोपखाली कॅपलाच भोक पाडून परत रूट कॅनाल केलं. दाढेत थुंकी जाऊ नये म्हणून तोंडावर हिरवं रबर लावून दीड तास, तसे दोन वेळा. आता कडक शेंगदाणे खातो त्या बाजूने. खर्चाचं टेन्शन असेल तर मुंबईत नायरचं डेंटल कॉलेज आहे, सीएसएमटीजवळ सरकारी डेंटल कॉलेज आहे, नंबर लागायला वेळ लागतो पण पैसे खूप कमी.

माहुलीची_माई:
हे वाचून पोटात गोळा आला. माझ्या केस पेपरवर लिहिलंय "26 आरसीटी, एमबी 20, डीबी 19, पी 21". हे काय आहे?

दात_बघणारी:
26 म्हणजे तुमची वरची डावी पहिली मोठी दाढ. आरसीटी म्हणजे रूट कॅनाल. एमबी, डीबी, पी ही तिच्या मुळांची नावं, पुढचं गालाकडचं, मागचं गालाकडचं आणि टाळूकडचं, आणि पुढचे आकडे त्या त्या कॅनालची मिलिमीटरमधली लांबी. म्हणजे तीन कॅनाल भरलेत. या दाढेच्या पुढच्या गालाकडच्या मुळात बऱ्याच वेळा दुसरा बारीक कॅनाल असतो, लातूरच्या दादांचा राहिला तो बहुतेक तोच. पण तुम्हाला असेलच असं नाही, आणि असला तर तो दुखतोयच असंही नाही. आधी बाईट. दोन आठवड्यांत फरक नाही पडला तर एक्स-रे, मग पुढचं. एक मात्र लक्षात ठेवा, गालावर सूज, ताप, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास, असं काही झालं तर त्याच दिवशी दाखवायचं, श्वासाला त्रास वाटला तर सरळ हॉस्पिटल.

वाईची_सून:
माझ्या सासूबाईंनी रूट कॅनालनंतर आठ महिने कॅपच बसवली नाही, दुखत नाही तर कशाला म्हणून, आणि एक दिवस सुपारी चावताना कट्कन आवाज आला. मूळ उभं चिरलं. हिरडीवर पुटकुळी यायची, फुटायची, परत यायची. दाढ काढावी लागली. माई तुम्ही कॅप बसवलीत हे चांगलंच केलंत, पैसे वाया गेले असं मनात आणू नका. आणि अ‍ॅस्पिरिनची गोळी कुटून दाढेवर धरू नका कोणी सांगितलं तरी, सासूबाईंच्या गालाचं कातडं आतून पांढरं पडलं होतं त्याने.

माहुलीची_माई:
काल जाऊन आले. आधी डॉक्टर म्हणाले बरोबर आहे बाईट, मग मी सरळ बसून परत कागद द्यायला सांगितला, तर आतल्या बाजूच्या टोकावर हा एवढा निळा डाग. कॅप बसवताना हिरडीला इंजेक्शन होतं, अर्धं तोंड बधिर, मला तेव्हा कळलंच नव्हतं. तीन वेळा घासलं, पॉलिश केलं, आणि डॉक्टरांनीच सांगितलं की पंधरा दिवसांनी एक्स-रे काढू. आज दुपारी भाकरी मुद्दाम डाव्या बाजूने खाल्ली. कळ नाही आली, थोडं बोथट दुखलं. शेंगदाणे अजून उजवीकडूनच.