प्रमिलेच्या सैन्याचं पुढे काय झालं? (अनुभव धागा)

श्रावणात आजी जैमिनी अश्वमेधाची पोथी लावायची. युधिष्ठिराच्या यज्ञाचा घोडा मोकळा सुटलेला, मागे अर्जुन सैन्य घेऊन. वाटेत एका तळ्याचं पाणी लागून त्या घोड्याची घोडी होते, पुढच्या तळ्यात वाघीण होते, आणि कृष्णाचा धावा केल्यावर पुन्हा घोडा. मग तो जातो स्त्रीराज्यात. तिथे पुरुष नांदत नाहीत. रथावर बायका, हत्तीवर बायका, वेशीवर बायका. राणी प्रमिला घोडा बांधून घेते. युद्ध होतं आणि अर्जुनाला ती आवरत नाही. शेवटी आकाशवाणी होते की हिच्याशी लढू नकोस, लग्न कर. घोडा सुटतो, प्रमिला हस्तिनापुराच्या वाटेला लागते आणि पोथी पुढच्या देशात जाते.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. विचारलं, "आणि तिच्या बाकीच्या बायका?" आजीने पोथीवर बोट तसंच ठेवून थोडा वेळ विचार केला. म्हणाली, "पोथीत नाही गं. तुला काय वाटतं?" त्या एका प्रश्नासाठी मी तिची जन्मभर ऋणी आहे. पुढे नववीत मी वहीत तो भाग लिहून काढला. त्यात सैन्य वेस लावून घेतं आणि राणी बाहेर उभी राहते. पुढे काय लिहावं ते सुचलं नाही म्हणून वही तशीच राहिली.

हा धागा त्या कोऱ्या पानांसाठी. स्त्रीराज्याची किंवा अशीच कुठलीही कल्पित जगातली गोष्ट तुम्ही सांगितली, खेळलात, रंगवलीत, आणि ऐन वेळी त्यातल्या लढवय्या बायकांनी ठरलेला शेवट मानला नाही, असं कधी झालंय का? झालं असेल तर सविस्तर लिहा.

*

पुण्याहून

मी सात वर्षं डंजन्स अँड ड्रॅगन्सचा खेळ चालवते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एक जण जग मांडतो, बाकीचे त्यातली एकेक पात्रं होतात, आणि जे बोलून ठरत नाही ते वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. गोष्ट कुठे जाईल हे टेबलावर कोणाच्याच हातात नसतं.

दोन वर्षांपूर्वी मी प्रमिलेचीच कथा घेतली. खेळाडू सहा, सगळे राणीच्या सैन्यातले. गस्तीची नायकीण, लोहारीण, माहूत, दोन धनुर्धर आणि एक म्हातारी वैदू. राणी माझ्याकडे. आकाशवाणी होईल, राणी लग्नाला तयार होईल, आणि मग सगळ्यांनी मिळून हस्तिनापुराचा प्रवास, असं मी योजलं होतं. प्रवासातली संकटंसुद्धा लिहून ठेवली होती.

आकाशवाणी झाली. राणी म्हणाली, शस्त्रं ठेवा. तेव्हा नायकीण झालेली मुलगी शांतपणे म्हणाली, "शब्द राणीने दिलाय. आम्ही नाही दिला."

पुढचे चार रविवार एकही अर्जुनाचा सैनिक मेला नाही. त्यांचं भांडण अर्जुनाशी नव्हतंच. त्यांनी आधी धान्याचं कोठार ताब्यात घेतलं, मग विहिरी, मग शस्त्रागाराच्या किल्ल्या. लोहारणीने राणीच्या रथाच्या चाकांच्या कुण्या, म्हणजे आसाच्या खिळी, काढून ठेवल्या. रथ मोडायचा नाही, फक्त हलू द्यायचा नाही. राजवाड्याच्या पायऱ्यांवर राणीच्या अंगरक्षक बायका उभ्या होत्या, आणि त्यांतली एक नायकिणीबरोबर लहानपणापासून एका ताटात जेवलेली. फासा पडला, वार लागला. टेबलावर कोणीच बोलेना. नायकीण झालेली मुलगी म्हणाली, मी तलवार टाकून तिला उचलते. वैदू झालेल्या मुलाने नियम न बघता सगळी औषधं तिच्यावर खर्च केली.

बंड म्हटलं की मला जाळपोळ, घोषणा, जिंकलेला तट दिसायचा. तो दिवस वेगळा होता. ज्या राणीसाठी आपण मेलो असतो तिच्याच दारात ढाल घेऊन उभं राहायचं, हे किती जड असतं ते मला तिथे कळलं. शेवटी म्हातारी वैदू आत गेली आणि राणीशी बोलली. राणीला जायचंच होतं, तेही मनापासून. तेव्हा ठरलं की तिने खुशाल जावं, पण मुद्रा आणि सैन्य इथेच राहील. लग्न तिचं, राज्य सगळ्यांचं. वेशीवर त्यांनी तिची ओटी भरली, घोडा सोडून दिला आणि वेस लावून घेतली.

एक गोष्ट नोंदवून ठेवते. या खेळाच्या १९७८ च्या नियमपुस्तकात माणूस जातीच्या स्त्रीपात्राच्या ताकदीचा आकडा १८/५० च्या पुढे जाऊ शकत नव्हती, पुरुषाचा मात्र १८/१०० पर्यंत जायचा. ड्रॅगन उडतात, मेलेले उठतात त्या जगातसुद्धा एवढा बांध घातलेला होता! १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो काढला. आज माझ्या टेबलावर बसणाऱ्या मुलींना तो माहीतही नाही, आणि मला त्याचा फार आनंद आहे.

*

कणकवलीजवळून

मी दशावतारात स्त्री-पार्ट करतो. एकतीस वर्षं झाली. आमच्याकडे लिहिलेली संहिता नसते. कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, रंगपटात तोंड रंगवता रंगवता कोण काय घेणार ते ठरतं, आणि संवाद उभ्या उभ्या तिथेच सुचतात. समोरच्याने टाकलेला शब्द झेलता आला पाहिजे, हीच आमची तालीम.

एका जत्रेला स्त्रीराज्याचं आख्यान होतं. मला त्या रात्री राणीची सखी दिलेली. सखीचं काम म्हणजे दोन वाक्यं आणि लढाईत चार गिरक्या. पहाटेचे तीन वाजले असतील. राणीने माळ हातात घेतली, अर्जुनाने मान पुढे केली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "राणीसाहेब, माळ आपल्या हातात आहे. आमच्या हातात ढाली आहेत. त्या आम्ही कोणाच्या पायाशी ठेवायच्या?"

हे मी ठरवलेलं नव्हतं. पखवाजवाल्याचा हात थांबला. अर्जुन करणारे कलाकार माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. त्यांनी मनात आणलं असतं तर एका वाक्यात मला गप्प केलं असतं, तेवढी त्यांची वाणी होती. त्यांनी धनुष्य खांद्यावरून काढलं, जमिनीवर ठेवलं आणि म्हणाले, "प्रथम हे." मग आम्ही सगळ्या सख्यांनी त्या धनुष्याशेजारी ढाली ठेवल्या.

सकाळी चहाच्या टपरीवर एक म्हातारी आली, माझा हात धरून म्हणाली, "बरा इचारलंस हां." लुगड्याच्या पदरातून दहाची नोट काढून दिली. ती मी मोडलेली नाही.

*

बीड जिल्ह्यातून, शिक्षिका

स्नेहसंमेलनात सातवीच्या मुलींकडून हेच नाटक बसवलं. आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. तिकडे नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकट्या माणसाला कमी भाव. मुली हे सगळं बघत मोठ्या होतात.

तालमीत मी आकाशवाणी वाचली. सेनापती झालेली मुलगी म्हणाली, "बाई, ही आकाशवाणी नाही, मुकादम आहे. राणीला जोडी लावून देतोय." मी काही बोलले नाही. मग त्यांनीच आपसात ठरवलं की आकाशवाणीला उत्तर द्यायचं. नाटकात सव्वीस मुली वर बघून एकदम म्हणाल्या, "आम्हाला शिकायचंय." पुराणातल्या सैन्याच्या तोंडी हे वाक्य बसतं का, असं एका पाहुण्यांनी मला नंतर विचारलं. माझ्या मते बसतं.

ती सेनापती आता बारावीत आहे. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

*

नाशिकहून

मला थोडं वेगळं म्हणायचंय. आपल्याकडची प्रत्येक गोष्ट लग्नाने सैन्य मोडत नाही. आमचं ललितासहस्रनामाचं मंडळ आहे, दर शुक्रवारी पठण. कित्येक वर्षं मी नावं नुसती म्हणत होते. एकदा अर्थ लावायला बसले तर सुरुवातीच्या नावांतच अख्खं युद्ध निघालं!

भंडासुराविरुद्ध उभी राहिलेली ती फौज बायकांची आहे. किरिचक्र रथावर दंडनाथा, म्हणजे सेनापती, वाराही, गेयचक्र रथावर मंत्रिणी श्यामला. भंडासुराच्या भावांपैकी विषंगाला मंत्रिणी मारते, विशुक्राला वाराही. ज्वालामालिनी छावणीभोवती आगीचा कोट उभा करते. आणि बाला, ललितेची नऊ वर्षांची लेक, हट्टाने रणात उतरून भंडासुराच्या मुलांना मारते. "भण्डपुत्रवधोद्युक्तबालाविक्रमनन्दिता", म्हणजे लेकीचा पराक्रम बघून आनंदलेली आई. काळजीने रडणारी आई नव्हे हो, आनंदलेली. हे नाव आलं की माझा आवाज अजून कापतो.

आणि कथेतला क्रम बघा. ललितेचं कामेश्वराशी लग्न आधी होतं, युद्ध नंतर. लग्न झालं म्हणून तिने सेनापती बदलले नाहीत. मंडळात हे सांगितलं तेव्हा एक नेहमी गप्प बसणाऱ्या बाई म्हणाल्या, "मग आपल्याला हे कोणी सांगितलं का नाही?" त्या दिवशी पठण राहिलं आणि दोन तास आम्ही फक्त बोलत होतो.

*

कोल्हापूरहून

मी मर्दानी खेळ शिकवते आणि कॉमिक्ससाठी चित्रं काढते, त्यामुळे एवढंच. कल्पित जगातल्या योद्ध्या काढताना छातीचा आकार दिलेलं चिलखत काढू नका. दोन उंचवट्यांच्या मधे वार घसरून बरोबर छातीच्या हाडावर येतो. चिलखत सपाट किंवा मधे उंच हवं, म्हणजे पातं बाजूला जातं. दांडपट्टा देणार असाल तर त्यात हात कोपरापर्यंत खोबळ्यात (मुठीवरच्या धातूच्या आवरणात) असतो, मनगट वळत नाही, सगळी फिरत खांदा आणि कमरेतून येते. कासोटा घट्ट हवा. मला एकदा बंडखोर बायकांची टोळी काढायला दिली होती आणि सगळ्यांचे केस मोकळे हवे होते. मी सगळ्यांच्या वेण्या घालून आंबाडे बांधले आणि चित्रं तशीच पाठवली. पैसे मिळाले नाहीत. चित्रं माझ्या भिंतीवर आहेत, शिकायला येणाऱ्या मुली रोज बघतात.

*

पाथर्डीकडून

आमच्याकडे नवनाथ भक्तिसाराचं पारायण असतं, चाळीस अध्याय. त्यातही स्त्रीराज्य आहे. मच्छिंद्रनाथ तिथे राणीपाशी राहतात आणि गोरक्षनाथ नाचगाण्याच्या ताफ्यात मृदंग वाजवत आत शिरतात. मृदंगातून बोल निघतात, "चलो मच्छिंदर, गोरख आया". वडील हा भाग वाचताना मांडीवर ठेका धरायचे.

मी सून म्हणून सासरी पहिल्यांदा पारायणाला बसले तेव्हा ऐकता ऐकता मनात आलं, तो मृदंग दरबारातल्या सगळ्या बायकांना ऐकू आला असणार. आपलं राज्य कशाने रिकामं होणार आहे हे त्यांनी नाथांच्या आधी ओळखलं असणार. तरी त्यांनी वाजवणाऱ्याला अडवलं नाही. का नाही अडवलं? वीस वर्षं मी दर पारायणात या जागी अडते. नाथांवर माझी श्रद्धा आहे, ती कमी झालेली नाही. पण त्या बायकांजवळ बसल्याशिवाय मला पुढचा अध्याय ऐकवत नाही.

*

ठाण्याहून, आईच्या मोबाइलवरून

माझं वय ९. आईने मला वरचं सगळं वाचून दाखवलं. मला सगळ्यांत दशावतारवाल्या काकांचं आवडलं.

पण घोड्याचं काय? पुण्याच्या ताईंनी घोडा सोडून दिला. आईला विचारलं की यज्ञ झाल्यावर घोड्याला काय करतात, तर ती आधी सांगत नव्हती. मग सांगितलं.

म्हणून माझ्या गोष्टीत सैन्यातल्या बायका रात्री घोड्याचा दोर कापतात. प्रमिला पण येते, कारण तिला पण घोड्याचं कोणी सांगितलेलं नसतं. त्या त्याला सांगतात, पळ. घोड्याला तळ्याची वाट माहीत आहे, तो आधी तिकडून आलाय ना. तो जातो आणि पोटभर पाणी पितो, आणि परत वाघीण होतो. सकाळी अर्जुन घोडा शोधत येतो तेव्हा ती वेशीवर बसलेली असते.