लेटरबॉक्सिंग: क्लू नेटवर सगळ्यांसाठी टाकावेत का?

धुक्यातला_माणूस (धागाकर्ता)

इंग्लंडच्या नैऋत्येला डेव्हनमध्ये डार्टमूर नावाचं मोठं माळरान आहे. टेकड्यांच्या माथ्यावर खडकांचे टॉर, मधे दलदल, आणि बघता बघता उतरणारं धुकं. १८५४ मध्ये चॅगफर्डच्या जेम्स पेरट या वाटाड्याने तिथल्या क्रॅनमिअर पूलपाशी एक बाटली ठेवली. इतक्या आडबाजूला जो पोचेल त्याने तिच्यात आपलं व्हिजिटिंग कार्ड टाकायचं. पुढे लोक स्वतःच्याच पत्त्याचं पोस्टकार्ड ठेवू लागले, मागून येणारा ते पोस्टात टाकायचा. आता डबीत रबरी शिक्का आणि वही असते. डबीतला शिक्का आपल्या वहीत, आपला शिक्का डबीतल्या वहीत, आणि डबी होती तशी परत कपारीत. खजिना म्हणाल तर एवढाच. यालाच लेटरबॉक्सिंग म्हणतात.

एप्रिल १९९८ मध्ये स्मिथसोनियन मासिकात यावर लेख आला आणि छंद अमेरिकेत पसरला. तिकडे डबी कुठे दडवलीय याचे क्लू थेट वेबसाइटवर, कोणीही घ्या. आमच्या इथे डार्टमूरवर रीत वेगळी. शंभर डब्या शोधल्यात तर 'हंड्रेड क्लब'मध्ये प्रवेश, आणि त्यानंतर क्लूंची यादी मिळते. पहिल्या शंभर तुम्ही ओळखीपाळखीतून, लोकांशी बोलून, खडक धुंडाळून शोधायच्या. त्या शंभरात माणूस फाटक लावून घ्यायला शिकतो, कोकरांच्या दिवसांत मेंढ्यांपासून लांब राहायला शिकतो. हल्ली इथेही काही जण म्हणतात, अमेरिकेसारखं सगळं खुलं करा. माझा ठाम विरोध आहे.

कनेक्टिकटकर

विरोध करा, पण आमच्या नावाने बिल फाडू नका. १९७० च्या दशकापर्यंत अख्ख्या डार्टमूरवर जेमतेम डझनभर डब्या होत्या. पुढे त्या हजारोंवर गेल्या. त्यात अमेरिकन किती? जमीन खणू नका, प्राचीन दगडी थडग्यांत किंवा कुंपणाच्या भिंतींत डबी ठेवू नका, हे नियम लिहावे लागले ते काही आमच्यामुळे नव्हे.

आणि १९९८ ला व्हरमाँटमधल्या माणसाला तोंडी क्लू सांगणार कोण? शंभर डब्या शोधायला शंभर डब्या असायला तर हव्यात! इथे कोरी पाटी होती. क्लू खुले ठेवले नसते तर लेख वाचून लोकांनी मान डोलावली असती आणि पान उलटलं असतं.

निळी_शाई

मीही अमेरिकेतच आहे, पण कनेक्टिकटकरांशी अर्धीच सहमत. इथे बहुतेक जण शिक्का हाताने कोरतात, खोडरबरावर किंवा नरम रबराच्या लादीवर. एकेका शिक्क्यात महिन्याचे शनिवार जातात. क्लूसुद्धा कोडी, कविता, लांबलचक गोष्टी. डार्टमूरच्या 'अमुक टॉरपासून इतक्या अंशांवर, इतकी पावलं' या कोरड्या क्लूंपेक्षा मला हे कितीतरी आवडतं. ही भर आमची आहे, ती मान्य व्हायला हवी.

पण 'ड्राइव्ह-बाय' डब्यांचं काय? गाडीतून उतरा, दहा पावलं चाला, शिक्का मारा, पुन्हा गाडीत. वहीची पानं भरतात, बूट कोरडे ते कोरडेच. याला चालण्याचा छंद म्हणायचं असेल तर मी वाणसामान आणायला जाते तोही ट्रेकच.

तिखटमीठ

दोघंही मुख्य पाहुण्याला विसरलात. जिओकॅशिंग, म्हणजे जीपीएसच्या आकड्यांवरून लपवलेली डबी शोधायचा खेळ! २ मे २००० ला अमेरिकन सरकारने जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये पहिली बादली पुरली गेली. त्यांचा नियम: एखादी वस्तू घ्या, एखादी ठेवा. असा माणूस चुकून लेटरबॉक्सपाशी पोचला की शिक्का 'वस्तू' समजून खिशात घालतो आणि बदल्यात प्लास्टिकचं खेळणं ठेवतो. डबी मेली. कोणाची तरी महिन्याची कोरणी गेली.

घाटवाट

हे आपल्या गडांवर सुरू केलं तर? राजगडावर शिक्का आणि वही, काय मजा येईल!

तिखटमीठ

@घाटवाट, नको रे बाबा. गुप्तधनाच्या नादात लोक आधीच गडांवर आणि देवळांत खणतात. 'इथे काहीतरी लपवलंय' एवढी कुणकुण लागली की कुदळी निघतील. राजगड २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. दगड हलवायला निमित्त देऊ नका.

धुक्यातला_माणूस

@कनेक्टिकटकर, आकडा इथल्याच लोकांनी वाढवला, कबूल. पण ती माणसं कोणाच्या तरी सोबत चालून तयार झालेली होती. फरक सांगतो. क्रॅनमिअर पूल लष्कराच्या ओकहॅम्प्टन गोळीबार क्षेत्रात येतो. सराव असला की टेकड्यांवर लाल झेंडे चढतात, आत जायचं नाही. जुना जाणता क्लू देताना हे आधी सांगतो, मग दिशा. कोणी स्क्रीनशॉट पुढे ढकलला की त्यात फक्त आकडे उरतात. झेंड्याचा अर्थ त्यात नसतो.

कनेक्टिकटकर

मग क्लूच्या वर ठळक अक्षरांत झेंड्याची सूचना लिहा. सूचना लिहिता येते, त्यासाठी दार बंद करावं लागत नाही. आमच्याकडेही राष्ट्रीय उद्यानांत परवानगीशिवाय डबी ठेवता येत नाही, आणि ते आम्हाला कोणा आजोबांनी कानात सांगितलेलं नाही, वेबसाइटवर वाचलं.

आणि एक. क्रॅनमिअर पूलला १९३७ मध्ये वर्तमानपत्राने वर्गणी काढून दगडी पेटी बांधली. तुमच्या सर्वेक्षण खात्याच्या नकाशावर ती जागा चक्क छापलेली आहे. सगळ्यांत जुनी डबी सगळ्यांत उघडी! तिथे गुपित कुठे राहिलं?

निळी_शाई

😄 याला उत्तर द्या बघू.

धुक्यातला_माणूस

देतो. ती जागा नकाशावर आहे आणि तरी तिथे आयतं कोणी पोचत नाही. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या काळ्या मऊ मातीच्या चरांमधून वाट काढताना नकाशावरचा ठिपका फारसा कामाला येत नाही. ज्या डबीचं रक्षण तिची वाटच करते ती खुशाल छापा. माझा आक्षेप गाडीरस्त्यापासून हाकेच्या अंतरावरच्या टॉरांतल्या डब्यांबद्दल आहे. तिथे गुपिताखेरीज दुसरं कुंपण नाही.

कनेक्टिकटकर, इकडे आलात तर आधी गोळीबाराचं वेळापत्रक बघा आणि मला कळवा. क्रॅनमिअरला सोबत येईन. बाकीच्या डब्यांचे क्लू मात्र मिळणार नाहीत.